यशोदाबाईंची काकणं

१७ जाने. ५६, मंगळ
गिरणी बंद, 'मुंबई आमची'च्या घोषणा सकाळपासून. दुपारी नाक्यावर पळापळ झाली. शेजारच्या यशोदाबाई त्यात सापडल्या, जिन्यापाशी हातावर आपटल्या. डावं मनगट वाकडं. हाड गेलंय, पैज. त्या म्हणे तेल लावून चोळा. चोळू दिलं नाही. वर्तमानपत्राच्या जाड घड्या खाली-वर, धोतराच्या पट्ट्या, हात झोळीत. गिरणीच्या दवाखान्यात अकरा वर्षं हेच करतोय. एकच केलं नाही. सूज चढायच्या आत काकणं काढायची असतात. उतरेनात. फोडायला गेलो तर कडाडल्या, "घोव जितो आसा माजो! काकणां फोडूची नाय." नवरा आठ वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला, पत्र नाही. मी कोपराकडे सरकवली आणि पट्टी बांधली. अक्कल गहाण! कर्फ्यू लागला, इस्पितळ उद्यावर.

१८, बुध
बोटं टम्म, निळसर. नख दाबून सोडलं, लाली परतेना. आधी म्हणाल्या मुंग्या येतात, मग म्हणाल्या काहीच कळत नाही. पट्टी सैल केली, उपयोग शून्य. काकणं मांसात रुतलेली. या वेळी विचारलं नाही. खाली फडकं सरकवून पकडीनं एकेक फोडली. सहा. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
कर्फ्यू सुटला तसं इस्पितळात नेलं. प्लास्टर. डॉक्टर मला म्हणाले, "कालच का नाही काढलीत? तुम्ही तर यातले."


२१, शनि
यशोदाबाईंची खानावळ बंद. आम्ही बारा जण त्यांच्याकडे जेवायचो. बाकीच्यांनी दुसरीकडे सोय लावली. मी पाव-चहा. भूक जाते, पण "वाढू काय?" विचारणारं कोणी नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, परत आलो. जेवणाऱ्यांतला महादू भेटून आला. करंगळी अजून बधिर, म्हणाला. माझ्यामुळे. बायको गेल्यापासून या चाळीत माझं असं तेवढंच एक दार होतं, हे आज कळतंय.

२७, शुक्र
नखं बघायचं निमित्त काढून गेलो. बसा म्हणाल्या नाहीत. जा पण म्हणाल्या नाहीत. "बोटं हलवा." हलली. करंगळी जेमतेम. डॉक्टर म्हणतात येईल, मला तेवढी खात्री नाही.
निघताना मागून म्हणाल्या, "डाव्या हातात परत काकणां भरू, की उजव्या हातातलीय काढू? तुमी फोडलात, आता तुमीच सांगा."
म्हटलं, आधी प्लास्टर निघू दे. भेकड लेकाचा! मला काय हवंय ते मला ठाऊक आहे. पण तिचा नवरा मेला असं मी कोणत्या तोंडानं…
प्लास्टर निघायला पाच आठवडे आहेत.