बाहेरून हाक मारा

काळाचौकी,
५ ऑक्टोबर

ती. मामांस,
शेवंतीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही आणि तुमचं ओरडणं मात्र सगळ्या चाळीला ऐकू जातं, म्हणून आपलं पत्रच बरं. पाऊस गेला आणि इथे नुसती भट्टी पेटलीय. अंघोळ करून साडी नेसेस्तोवर पुन्हा घामाने चिंब. वाळत घातलेले कपडेसुद्धा दमट लागतात.

लिहायचं कारण तुमचा धाकटा. आनंदा दिवसभर टॉवरमधल्या लोकांचे एसी दुरुस्त करतो आणि तापलेलं डोकं घेऊन घरी येतो. दसऱ्याला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्याने लग्नाच्या बायकोचे, प्रितीचे केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. भुवईला तीन टाके पडले. मी ओरडले तर म्हणाला, वहिनी, भाऊ गेला तरी तुला इथे राहू दिलंय, तेवढ्यात समाधान मान. खोली तुमच्या नावावर आहे. तुमचा धाक आहे त्याला. चार शब्द खरमरीत लिहा.

तब्येतीला जपा. लोभ आहेच, तो असाच असू द्या.
तुमची सून, शेवंती


देवगड,
१० ऑक्टोबर

चि. शेवंतीस,
गणपतचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून मुंगळे चालल्यासारखंच आहे गो, वाचता वाचता चष्मा घसरला. इथे भात कापायला आलाय आणि माणूस मिळत नाही.

आनंदाला लिहिलंय. पण बाय माझे, नवरा-बायकोच्या मध्ये तू पडू नकोस. पोरगा मनाने वाईट नाही. उन्हाने माथं फिरतं. दिवाळी झाली, हवा गार पडली, की निवळेल. प्रितीला सांग, तो घरी आला की थोडा वेळ गप्प राहत जा.

कोकमं पाठवतोय. सरबत करून दोघींनी प्या. मायेत अंतर पडू देऊ नये.
गणपत


काळाचौकी,
१६ ऑक्टोबर

ती. मामांस,
शि. सा. न.

ती गप्पच होती मामा.

परवा संध्याकाळी लाईट गेली होती. पंखा बंद, अंगाची नुसती लाही. आनंदा पिऊन आला, तुमचं पत्र प्रितीच्या तोंडावर फेकलं आणि म्हणाला, माझी चुगली करतेस? तिने काहीच उत्तर दिलं नाही. म्हणून जास्तच भडकला. पिशवीतून लोखंडी पाना काढून तिच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी चुलीपाशी ऐकला. दुसरा घाव डोक्यावर पडणार होता. मी भाताची पेज गाळत होते. ते उकळतं पातेलं मी त्याच्या पाठीवर ओतलं.

तुमच्या मुलाला मी भाजलं. माझेही दोन्ही हात सोलले. तो गुरासारखा ओरडत गॅलरीत गेला, तिथे शेजारच्या सुंदराबाईने आणि बायकांनी त्याला खाली पाडून धरलं. कुणी चपलेने मारलं, कुणी बादलीने. मी थांबवलं नाही. शेवटी पोलीस घेऊन गेले.

प्रितीने जबाब दिला. हे पत्र सुंदराबाईच्या मुलीकडून लिहून घेतेय. तुम्हाला राग आला असेल तर लिहा, पण लिहा.
शेवंती


देवगड,
२९ ऑक्टोबर

चि. शेवंती आणि चि. प्रिती,
दोघींना आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आनंदाचा मालक जामीन राहिला. कोर्टाने त्याला चाळीत पाय ठेवायला मनाई केली, म्हणून तो इकडे आला. पाठीवरचे फोड बघून माझं काळीज हललं, खोटं कशाला सांगू. मी स्वतः मलम लावत होतो.

दोन दिवसांनी म्हणाला, खोली माझ्या नावावर कर, त्या दोघींना बाहेर काढतो. मी नाही म्हटलं. त्याने माझी मानगूट धरून अंगणातल्या पायरीवर आदळलं. वर लाथ घातली. पुढचे दोन दात गेले, एक बरगडी पिचलीय.

पोलीसपाटील म्हणाले, गणपतराव, पायरीवरून घसरलो म्हणून सांगा, घरची अब्रू राहील. मी म्हटलं, पायरी आईवरून शिव्या देत नाही. चौकीवर जाऊन तक्रार लिहून दिली. हवालदाराने विचारलं, मारणारा कोण लागतो? झील, माझाच मुलगा, असं म्हणताना रडू आलं, पण म्हटलं. त्याला पुन्हा आत घातलाय.

प्रिती, तुला गप्प राहायला सांगितलं होतं ते मी मागे घेतो. खोलीत तुम्ही दोघी राहायचं. मी जिवंत आहे तोवर तुम्हाला तिथून कुणी हलवणार नाही.
गणपत


काळाचौकी,
४ नोव्हेंबर

ती. मामांस,
प्रितीचा साष्टांग नमस्कार.

तुम्हाला पहिल्यांदाच लिहितेय, तेही डाव्या हाताने, म्हणून अक्षराला हसू नका. वहिनींच्या हाताला नवी कातडी येतेय. खाज सुटली की मलाच शिव्या घालतात.

काल अचानक दार वाजलं. मी सुरी घेऊन दाराआड उभी राहिले. वहिनींनी कडी काढली तर सुंदराबाई, तुळशीच्या लग्नाचा प्रसाद घेऊन. माझ्या हातातली सुरी बघून तिच्या हातातलं ताट पडलं. तिघी खूप हसलो. मग खाली बसून सांडलेला प्रसाद वेचला.

तिथे एकटे राहू नका. तुमच्यासाठी पोटमाळ्याखालची जागा रिकामी केलीय. लवकर निघा.

फक्त आलात की दार वाजवू नका, मामा. बाहेरून हाक मारा. मी उघडीन.
तुमची प्रिती