लक्सरला चौघं

करामा, दुबई

ती. आई, नमस्कार.

मिहिकाने फ्रीजवर कागद चिकटवलाय: २ ऑगस्ट २०२७, लक्सर, इजिप्त, खग्रास सूर्यग्रहण. खाली चार नावं आहेत, सगळ्यात वर तुमचं.

म्हणून आज लिहितेय. २०१९च्या ग्रहणाला मला पाचवा महिना होता. तुम्ही मुद्दाम पुण्याहून आलात, सकाळीच पडदे ओढून मला आत बसवलंत. पण तुम्ही जपाला बसल्यावर मी तुमच्या निनादचा ग्रहणाचा चष्मा घेऊन बाल्कनीत गेले. सूर्याची बारीक कोर उरली होती. पोटावर हात ठेवून मी म्हटलं, "बघ गं, किती सुंदर!"

मिहिका दुभंगलेल्या ओठाने जन्मली. डॉक्टर म्हणाले, ग्रहणाचा काही संबंध नाही, ओठ त्याच्या कितीतरी आधी घडतो. तुम्ही मात्र रडत म्हणालात, "मीच नीट लक्ष ठेवलं नाही." मी गप्प राहिले. तिचं ऑपरेशन होईपर्यंत तुम्ही गोड सोडलंत, तेव्हाही गप्पच.

काल ती फोनवर तुम्हाला म्हणाली, "यल्ला आजी, चल ना, यू हॅव टू कम!" तुम्ही तिला तारीख पुन्हा विचारलीत. मग म्हणालात, "येते. पण माझ्या चष्म्यावरून बसेल असा चष्मा आण."

हे पत्र पाठवणार नाही. तुम्हाला हे एकटीने वाचायला लावणं बरं नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला येतेय. शेजारी बसून सांगेन, आई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

तुमची,
अवनी