धारेचा दगड आणि एक ‘ग्रासियास’

मी, रुस्बेल ताइपे, वय चोवीस, धंदा मेंढ्यांची लोकर कातरणे, मूळ गाव पेरूतलं तिंताइपाम्पा, सध्या मुक्काम आर्जेन्टिनाच्या दक्षिणेला, सरकारी दवाखाना, खाट नंबर सहा, हे स्वतःच्या अकलेनं, कुणाच्या दमदाटीशिवाय लिहितो. अक्षर वाईट आहे, डोकं ठीक आहे. मेंढ्यांच्या कुत्र्यांमुळे होते ती पाण्याची गाठ यकृतात झाली आहे, संत्र्याएवढी. उद्या सकाळी काढणार. मी मरणार नाही. पण डॉक्टरांनी कागदावर सही घेतली, म्हणून मीही एक कागद करतो.

१. गावच्या घरातली माझी खोली, वरच्या नव्या पत्र्यांसकट, बहीण नेलीदा हिला. मला शिकवायला तिनं शाळा सोडली आणि मी चौथीतून पळालो. सहा वर्षं फोनवर तिला इथला वारा, इथली थंडी सांगत आलो, पण या शाळेबद्दल कधी बोललो नाही. एरवी कशाचेही आभार मानले की ती म्हणते, “परका झालास काय रे?” ताई, झालो तर झालो. आभारी आहे. हे वाक्य खोलीबरोबर तिच्याच नावावर करावं. त्यात दुसऱ्या कुणाचा हिस्सा नाही.

२. माझ्या दोन्ही कातरी आमच्या कातरणाऱ्यांच्या टोळीत पुढे जो नवा येईल त्याला. अट एकच. त्याला पहिल्याच दिवशी सांगावं की सगळ्यांत आळीपाळीनं फिरणारा कडू चहाचा तुंबा परत देताना ‘ग्रासियास’ म्हणू नये. आमच्याकडे त्याचा अर्थ आभार. इथे चहाला गोल बसल्यावर त्याचा अर्थ ‘पुरे, मला नको’. आईनं घोटून शिकवलेलं, म्हणून मी रोज पहिल्याच तुंब्याला म्हणायचो आणि चहा भरणारे फाउस्तिनोकाका मला वगळून पुढे जायचे. चाळीस दिवस. मला वाटलं, डोंगराकडचा म्हणून हिणवतात. शेवटी स्वयंपाकीण रामोनाबाई ओरडल्या, “अरे येड्या, तूच रोज नको म्हणतोस आणि तूच तोंड फुगवतोस!”

३. फाउस्तिनोकाकांचा धार लावायचा दगड, त्यांच्या वडिलांचा. तो हरवला नव्हता. त्या चाळीस दिवसांत रागानं मी ढापला, आणि खरं कळल्यावर लाजेनं परत देता येईना. याच काकांनी परवा मालट्रकमध्ये पाच तास माझं डोकं मांडीवर धरून मला इथे आणलं. माझ्यामागे दगड त्यांना

इथवर लिहिलं आणि वाटलं, मेल्यावर चोरी कबूल करणारा भित्रा. कलम ३ रद्द. काका खाटेशेजारीच बसलेत, दगड आत्ताच पिशवीतून काढून हातात दिला.

“माहीत होतं,” म्हणाले. “माझी कातर बोथट आणि तुझी लोण्यातून जावी तशी. मी काय आंधळा आहे?” आणि तुंबा भरून पुढे केला.

डॉक्टरांनी आता पाणीसुद्धा बंद केलंय. मी तुंबा धरला, हात शेकले, परत दिला. “ग्रासियास, काका.”

“हा कुठला? तुमच्याकडचा की आमच्याकडचा?”

“आज दोन्ही. उद्या फक्त आमच्याकडचा.”

४. रामोनाबाई साक्षीदार, म्हणून त्यांना काही ठेवता येत नाही असं नर्सबाई सांगतात. त्यांना नुसते आभार. रामोनाबाई इथेच उभ्या आहेत, म्हणतात, “कोरडेच? बरंय, उचलायला हलके.”

वाचून पाहिलं, बरोबर आहे. बुधवार, १४ नोव्हेंबर २०१८, संध्याकाळी सहा.

सही: रुस्बेल ताइपे

साक्षीदार १: रामोना कायुपान, स्वयंपाकीण

साक्षीदार २: फाउस्तिनो ओयार्सो, कातरणारा. कलम ३ रद्द झाल्यानं सही चालते. उद्याचा तुंबा याच्या वाटणीचा राखून ठेवतो.