भिंत तुम्हाला गेली, दाजी

तीर्थस्वरूप दाजी यांस,

मेहुण्याचा रागारागाने नमस्कार. (‘तीर्थस्वरूप’ लिहिताना हात अडखळला होता, पण तुमची पत्रं आधी ताई फोडते हे मला ठाऊक आहे.) तुमची कंबर कशी आहे? शिलाई मशिनी दुरुस्त करताना वाकून बसू नका, उंच स्टूल घ्या, असं ताईने शंभरदा सांगितलं असेल, मी एकदाच सांगतो. ताईचा गुडघा बरा असावा. इकडे सगळे मजेत आहेत. मी नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि ती लावलीत तुम्ही.

झालं असं, की आपल्या बॉक्सिंग क्लबाला नवा रंग दिला. रिंगसमोरची भिंत मोकळी झाली, तेव्हा तिथे क्लबाच्या आजवरच्या लाइट हेवीवेट वजनगटातल्या सगळ्यात थोर बॉक्सरचा एकच मोठा फोटो लावायचं कमिटीने ठरवलं. मला वाटलं, यात विचारायचं काय? मी तर फ्रेमवाल्याला मापसुद्धा देऊन आलो. हसू नका. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, लोकांना मी आठवतो तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर, आणि दार उघडलं की माझ्याकडे न बघता निघून जातात. निदान एका भिंतीवर तरी कोणी मला सावकाश उभं राहून बघावं, एवढंच मागणं होतं.

तर आपला बेकरीवाला, ज्याला रिंगमध्ये सगळे गेंडा म्हणतात, तो उठला आणि म्हणाला, माझे विजय जास्त. (जास्त आहेत. असतील.) मी म्हटलं, विजय काय मोजता, समोर कोण होतं ते मोजा! ही अक्कल माझीच बरं का दाजी. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यायचा हे कोणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे पाठवा. मग मी गेंड्याची सगळी मर्दुमकी बाहेर काढली. त्याचा एक प्रतिस्पर्धी चष्मा काढून आला होता आणि पहिली सगळी फेरी पंचांनाच गेंडा समजून त्यांच्या मागे लागला होता. दुसऱ्याच्या चड्डीची नाडी सुटली, तो बिचारा एका हाताने चड्डी धरून लढला, आणि त्याला पाडल्यावर हा गेंडा दोन्ही हात वर करून रिंगभर नाचला! गेंडा बीटासारखा लाल झाला. आमचा सेक्रेटरी (तोच दंतवैद्य, ज्याचा दवाखाना आपल्या सगळ्यांच्या पडलेल्या दातांवर उभा आहे) म्हणाला, नियम चोख आहे, आता तुमचे प्रतिस्पर्धी सांगा.

मी छाती पुढे काढून तुमचं नाव घेतलं. अख्खी कमिटी फिदीफिदी हसली. का? तर म्हणे मीच इतकी वर्षं क्लबात, लग्नांत, अगदी लिफ्टमध्ये अडकलेल्यांनासुद्धा सांगत आलोय की आमचे दाजी म्हणजे लोण्याचा गोळा, एका ठोशात आडवे. सांगितलंय, नाही कुठे म्हणतो! मी तुम्हाला पाडलं, ताई माझ्यासाठी आणलेली बर्फाची पिशवी घेऊन तुमच्याकडे धावली, आणि पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. जिंकलो मी आणि बहीण गेली माझीच! एवढा राग माणसाने काढायचा तरी कुठे? पण दंतवैद्य म्हणाला, लोण्याच्या गोळ्याला हरवल्याचे गुण नाहीत.

मग माझं डोकं फिरलं. मी टेबलावर मूठ आपटली (पाण्याचा जग दंतवैद्याच्या मांडीवर) आणि म्हटलं, गप्प बसा, तुम्हाला दाजी काय माहीत! तो अग्निशमन दलाचा चॅम्पियन आला होता तेव्हा या गेंड्याला नेमकी पावांची मोठी ऑर्डर आली, माझी पाठ धरली (धरली होती, कोणी विचारलं तर), आणि दाजी एकटे रिंगमध्ये गेले. पडले, उठले, पुन्हा पडले, पुन्हा उठले, शेवटच्या घंटेला उभे होते. नाक जे डावीकडे सरकलं ते अजून तिकडेच आहे. याच गेंड्याला त्यांनी सपशेल लोळवलं होतं. समोर कोण आहे, हे त्या माणसाने कधी कोणाला विचारलं नाही! असा माणूस, आणि त्याला मी हरवलं, असं म्हणून मी ऐटीत खाली बसलो.

दंतवैद्याने पँट पुसली आणि तो म्हणाला, मग नियमाप्रमाणे थोर तेच. चॅम्पियनशी लढले, तुमच्याशी लढले, गेंड्याशी लढले, कोणालाही टाळलं नाही. हात वर करा. पहिला हात गेंड्याचा, निव्वळ माझ्यावरच्या खुन्नसने! मीही हात वर केला होता, तो हरकत घ्यायला. त्यांनी तोही मोजला. ठराव एकमताने मंजूर.

तेव्हा दाजी, मी तुमच्याशी बोलणं सोडलं आहे. ताईला नमस्कार सांगा, तिच्याशी बोलणं चालू आहे.

तुमचा (इलाज नाही म्हणून)
मेहुणा

ता. क. : क्लबाला तुमचा फोटो हवा आहे. ताईच्या कपाटात आपल्या लढतीचा एक आहे, तुम्ही आडवे आणि मी उभा, तोच पाठवा. दुसरा चांगला नाही. फ्रेमचं माप माझ्याकडे तयार आहे.

ता. क. दुसरा : पत्र लिहायचं खरं कारण हे. फोटोवरचा पडदा तुमच्या सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याने ओढायचा आहे, आणि तो कोण, हे तुम्हीच कळवायचं आहे. गेंडा आत्तापासून कोट इस्त्री करतोय. माझं नाव कळवा. अगदीच जिवावर येत असेल तर त्या अग्निशमनवाल्याचं कळवा, पण गेंड्याचं नको. आणि ताईला विचारू नका, ती मुद्दाम त्याचं नाव सांगेल.

ता. क. तिसरा : कमिटीत मी तुमच्याबद्दल जे बोललो ते रागाच्या भरात होतं, त्यातलं काही खरं नाही, असं मी सध्या गावभर सांगत फिरतोय. तुमच्या कानावर आलं तर विश्वास ठेवू नका.