ओढ्यापलीकडची वाट

१९ सप्टें., आहुपे
अस्लम बेपत्ता होऊन आठवडा झाला. शोधपथक काल परत गेलं. धुकं फार, पाणी ओसरू द्या म्हणाले. मी थांबलेय, हिराबाईंकडे. त्या दिवशी घाटानं एकटाच कोकणात उतरायला निघाला, तेव्हा यांच्याच पडवीत भाकरी खाल्ली त्यानं.
"लई हसत व्हता तुमचा भाऊ."
जुन्नरात, आमच्या दुकानात, शेवटचा कधी हसला? आठवत नाही.

२०
हिराबाई कोयता घेऊन पुढं, मी मागं. भातखाचरांचे बांध, मग देवराई. आत भरदुपारी अंधार, ठिबक ठिबक. बाहेर पडलं की उघडा सडा, कातळाचं पठार, सोनकीच्या फुलांनी पिवळाधमक. सडा संपतो तिथं जमीनच संपते. खाली नुसतं पांढरं.
हाक मारली. दुसऱ्यांदा मारवेना.

२१
घाट उतरलो. बसत, घसरत. अर्ध्यावर ओढा. अलीकडच्या काठाला, मुळांत अडकलेला एक बूट. त्याचाच. पाण्यात उतरायला काढला? की पाण्यानं ओढला?
"एका बुटावरनं मानूस गेला आसं म्हनू न्हाई, ताई."
ओढ्याला जोर. पलीकडं जाता आलं नाही.

२३, जुन्नर
बूट पोलिसांनी ठेवून घेतला. अम्मीला मोबाइलमधला फोटो दाखवला. तिनं कुरवाळायला बोटं फिरवली, फोटो एकदम मोठा झाला. दचकली.
मामू म्हणाले, तो गेला हे आता मान्य करा, नसरीनला विधवेच्या इद्दतीला, चार महिने दहा दिवस घरात बसवा.
नसरीन, अस्लमची बायको, एवढंच बोलली, "मय्यत कुठंय?"
मला वाटतं, तो गेला. घरात बोलले नाही.

२८, ओढ्याकाठी
हिराबाईंचा फोन आला, पाणी उतरलं. नसरीन आधीच तयार. मामू दारात आडवे उभे होते, त्यांच्या बाजूनं निघून आली. ही कधी शिवनेरीसुद्धा चढलेली नाही. घाटात दोनदा पडली, हात दिला तर घेतला नाही.
"आपा, सापडला तर आधी मी बघणार. माझे डोळे झाकायचे नाहीत."
ओढा ओलांडला. पुढं वाट फुटते. एक खालच्या गावाकडं. तिथं विचारून झालंय, कुणी पाहिलेला नाही. दुसरी दरीत उतरते.
हिराबाई तंबाखू मळत बसल्यात. मी हे लिहितेय.
नसरीन उठली. दरीकडं निघाली. मी वही मिटते.