आतून लागलेली कडी

मंगळवार, संध्याकाळ

रेखाबेनचा नवरा तिला मारतो, म्हणून फिल्डवर्कला मी तो कामावर असतानाच तिच्या प्रतापनगरच्या खोलीवर जाते. आज दार त्यानंच उघडलं. "कोण?" म्हणाला, आणि मी गळ्यातलं कॉलेजचं कार्ड दाखवून, वर्गात शिकवतात तशी रीतसर ओळख करून दिली. समाजकार्य, दुसरं वर्ष, रेखाबेनना भेटायला दर मंगळवारी येते.

दर मंगळवारी! हे कशाला बोलले मी?

तो हसला. "बेसो ने, बेन," म्हणत स्वतः पाणी आणून दिलं. रेखाबेन मागे उभी होती, माझ्याकडे बघेचना. निघाले तर "आवजो" म्हणाला, आणि माझ्या पाठीमागे आतून कडी लागली. भरदुपारी त्या चाळीत कोणी कडी लावत नाही.

फिल्डवर्कच्या मॅडमना लगेच फोन केला. त्या तिकडे गेल्यात, मला घरीच थांब म्हणाल्या. अजून काही कळवलं नाही. आई जेवायला हाका मारतेय. मला ती कडीच ऐकू येतेय.

रेखाबेननं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे घरी असले, तर म्हणायचं, घर चुकले."

एवढंच तर बोलायचं होतं.