उरलेली दहा चित्रं

प्रिय धाकट्या,

गेले तीन दिवस तू फोन करतो आहेस आणि मी उचलत नाही. "ती कामात असेल रे," असं आईने तुला सांगितलं असेल. मी कामात नाही. फोन समोर ठेवून बसते, आणि तो वाजून वाजून गप्प झाला की मला बरं वाटतं. आपलं फोनवरचं बोलणं म्हणजे तू बोलणार आणि मी हं-हं करणार. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलच्या सभागृहात तू स्कॅन दाखवणारा तुझा प्रोग्राम पहिल्यांदा मांडलास, ती दुपार तुझ्या लक्षातही नसेल. माझ्या मात्र अंगावर आहे, भाजल्याचा डाग असावा तशी. त्याआधी तीन रविवार तू माझ्या स्वयंपाकघरात वही उघडून बसला होतास. बावीस वर्षं स्कॅनच्या मशीनवर काढलेली मी. शरीराचे आडवे काप डॉक्टर कसे बघतात, कुठे थांबतात, काळं-पांढरं कमीजास्त का करतात, सगळं तुला काढून दाखवलं. हे कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर, नुसत्या ब्राउझरमध्ये दिसलं तर किती धावपळ वाचेल, हेही मीच म्हटलं होतं. आणि स्टेजवर तू सांगितलंस की ही कल्पना तुला अंघोळ करताना सुचली! मी शेवटच्या रांगेतून एवढंच विचारलं, की कोपऱ्यात डावं-उजवं लिहायचं ठरलं होतं, ते कुठे गेलं. तू हसलास. माईकवरून म्हणालास, "ताई, हे बटणं दाबण्याइतकं सोपं नसतं गं." सगळं सभागृह हसलं. माझ्या शेजारच्या नर्सने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होतेच.

डावं-उजवं तू दुसऱ्या दिवशी घातलंस. आभार मानले नाहीस.

त्या आठवड्यात मी ठरवलं की कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घ्यायचं हे तुझं अवघड शास्त्र शिकायचं. ज्ञानाची आवड वगैरे काही नाही. एक दिवस तुझी चूक तुझ्या तोंडावर दाखवायची, एवढ्यासाठी. रोज पहाटे ड्युटीआधी दीड तास, जेवणाच्या टेबलावर. इंटरनेटवर धडे फुकट असतात, लाज मात्र आपली आपण गिळावी लागते. पहिला त्रिकोण पडद्यावर उमटायला मला नऊ दिवस लागले. आई येऊन बघायची आणि म्हणायची, "एवढा वेळ एका त्रिकोणाला? पट्टी देऊ का?" चित्रं काढणारं ते ग्राफिक्स कार्ड रागावत नाही, ओरडत नाही, नुसता काळा पडदा दाखवतं, हे तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. तीन आकडे एकत्र ठेवायला तिथे चार आकड्यांची जागा लागते, चौथी रिकामी सोडायची, एवढं कळेपर्यंत अकरा दिवस मी काळोखाकडे बघत होते. कळलं तेव्हा एकटीच टाळ्या वाजवत उठले. खोटं का सांगू, त्या क्षणी तू डोक्यात नव्हतास. पण चहा होईपर्यंत पुन्हा आलास.

मग चित्रं सोडून मी हिशोबाकडे वळले. तेच कार्ड चित्र न काढता नुसती आकडेमोडही करतं, हजारो हातांनी एकाच वेळी. एखाद्या शाळेत प्रत्येक पोराला एकेक बेरीज वाटून द्यावी, आणि शेजाऱ्याचं बघायचं नाही अशी ताकीद द्यावी, तसं. फक्त ही पोरं सुटी येत नाहीत, गटागटाने येतात. सोळाचा गट ठरवला आणि कामं अडीचशे असली, तर पंधरा गटांत दोनशे चाळीस होतात आणि दहा उरतात. त्या दहांसाठी सोळावा गट बोलवायचा, अर्धवट रिकामा राहिला तरी. हा अगदी सुरुवातीचा धडा. चुकलं तरी कुणी काही सांगत नाही, उरलेली दहा तशीच राहतात.

गेल्या वर्षअखेरीपर्यंत माझा स्वतःचा छोटा प्रोग्राम उभा राहिला. सकाळी मशीन तपासायला आम्ही पाण्याने भरलेलं प्लास्टिकचं नळकांडं स्कॅन करतो. एका मंगळवारी त्याचीच चित्रं मी माझ्या प्रोग्राममध्ये उघडली आणि तुलना म्हणून तुझ्यातही. नळकांड्याच्या तळाशी एक स्क्रू आहे. माझ्यात तो दिसत होता, तुझ्यात नव्हता. मी मोजलं. मशीनने नेहमीसारखे अडीचशे काप दिले होते, तू दोनशे चाळीस दाखवत होतास. धाकट्या, त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणालाच सांगितलेला नाही. मी खोलीचं दार लावून हसले. अख्ख्या हॉस्पिटलचे डॉक्टर आपापल्या टेबलावर तुझा प्रोग्राम उघडून निदान करत होते, आणि तू पहिल्या धड्यात नापास होतास.

तेव्हाच एक फोन केला असता तर दहा मिनिटांत तू ते दुरुस्त केलं असतंस. पण मग ते तुझ्या-माझ्यातच राहिलं असतं. एकोणीस दिवसांनी तुझा मोठा समारंभ होता, हॉस्पिटलच्या सगळ्या शाखा तुझा प्रोग्राम घेणार होत्या, तेच सभागृह, तोच माईक. मी दबा धरून बसले. माणसांच्या जिवाशी खेळत नाही, असं स्वतःला पटवायला एक युक्ती काढली: येणाऱ्या प्रत्येक पेशंटचे शेवटचे दहा काप मी मशीनच्याच पडद्यावर स्वतः बघायचे, आणि शंका आली तर डॉक्टरांना मशीनवर बोलावून दाखवायचे. दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. माझी ड्युटी संपली तरी मी थांबत होते. सगळे म्हणत, हिला कामाचं वेडच लागलंय.

समारंभात काय झालं ते तुला मी काय सांगू. मी हात वर केला, परवानगी मागितली, आणि नळकांडं दोन्ही प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी पडद्यावर उघडलं. विचारलं, "तळाचा स्क्रू कुठे गेला? इथली दहा चित्रं कुणी खाल्ली?" तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, लहानपणी खोटं पकडल्यावर व्हायच्या तशा. तू "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत लॅपटॉपवर वाकलास आणि तुला ओळ सापडेना. मी जागेवरूनच ती सांगितली, ब्राउझरमधून तुझा कोड मी आधीच वाचून ठेवला होता. या वेळी कुणी हसलं नाही. दोन वर्षांचं उट्टं मी त्या चार मिनिटांत काढलं, आणि घरी जाताना दोन स्टॉप आधी उतरून चालत गेले, तो आनंद पुरवून पुरवून खायला.

पुढचं तुला हॉस्पिटलने कळवलंच आहे. सगळे जुने स्कॅन पुन्हा तपासले. आधीच्या महिन्यांत नशिबाने काही सुटलं नव्हतं. सुटलं ते एकच, माझ्या एकोणीस दिवसांतलं. चौदाव्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी रजेवर होते. त्या दिवशी एक बस ड्रायव्हर आला होता, छाती भरून श्वास घेणारा, धिप्पाड. फुप्फुसाचं टोक इतकं खाली गेलं की डाग नेमका शेवटच्या कापांत आला. त्याला "सगळं ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं गेलं. सहा दिवसांनी परत बोलावला. बुधवारी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, सहा दिवसांनी काही बिघडत नाही. मी त्याला वॉर्डात भेटले. त्याने माझे हात धरले आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पकडलंत म्हणून वाचलो." त्याच्या बायकोने मला बसायला स्टूल पुसून दिलं. मी बसू शकले नाही.

तशीच खाली जाऊन मी विभागप्रमुखांना लेखी दिलं की चूक मला एकोणीस दिवस आधी माहीत होती आणि मी ती मुद्दाम लपवली. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि ड्रॉवरमधून तुझा कागद पुढे केला. त्यात तू लिहिलं आहेस की ताईने त्याच मंगळवारी मला फोन करून चूक सांगितली होती, मी दुर्लक्ष केलं, दोष सर्वस्वी माझा. असा फोन मी केलाच नव्हता; मंगळवारची तारीख तुला नळकांड्याच्या चित्रांवर दिसली असणार. विभागप्रमुख म्हणाले, "तुम्ही भावाला वाचवायला बघता आहात, कळतं मला," आणि माझा कागद परत दिला. आता मी इथे देवमाणूस झाले आहे, नव्या मुलांना हे शास्त्र शिकवायला मला बोलावलं आहे. तुला वाटलं असेल, फिट्टंफाट झाली. नाही झाली. तू मला माफ केलंस की मला मिंधं केलंस, हे मला ठरवता येत नाही, आणि तुझा फोन उचलला तर तू हळू आवाजात "जाऊ दे ना ताई" म्हणशील आणि मी जाऊ देईन, म्हणून उचलत नाही. सोमवारी अकराला चौकशी समिती बसते आहे. त्याआधी तुझा तो कागद मागे घे. दहा चित्रं तू गमावलीस, सहा दिवस मी गमावले. ज्याचं त्याच्या नावावर राहू दे. नाही घेतलास, तर त्याच सगळ्यांसमोर मी तुला दुसऱ्यांदा खोटं पाडीन, आणि या वेळी घरी जाताना मी दोन स्टॉप आधी उतरणार नाही.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई